भंगाराचा डबा

इंजिन उघडायला घेताना बाबा दोन गोष्टी हाताशी ठेवतात: कटर आणि भंगाराचा डबा. टर्बाइनच्या जाळाजवळचे बोल्ट इतके भाजून चिकटतात की तीस वर्षांत एकही पान्याने सुटला नाही; कापून भंगारातच जातो. त्यांच्याच कारखान्याच्या डिझाइन विभागात लागल्यावर मी बोल्टच्या डोक्यात बारीक भोकं ठेवली, थंड हवा आरपार खेळावी म्हणून. “बोल्ट आहे की चाळणी?” बाबा पोट धरून हसले होते. ते बोल्ट बसवलेलं इंजिन वर्षभर चालून आज त्यांच्यापुढे आलं. सगळे फिटर गोळा झाले. मीही येऊन उभी राहिले. “कटर देऊ?” एकाने विचारलं. “थांब,” म्हणत बाबांनी पाना लावला. पहिल्याच हिसक्याला बोल्ट फिरला. बाबांनी तो काढला आणि सवयीने भंगारात टाकला. खण्ण! मग चपापून बाहेर काढला, स्वतःच्या रुमालाने पुसला. “तपासा आणि परत बसवा,” ते म्हणाले, “आमच्या चाळणीवालीचा आहे.”