तीसवर आणून दाखवा

मास्तरांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि प्रोग्रामर बाईपुढे ठेवली.

"सही करतो," ते म्हणाले. "पण आधी तुम्ही वाफ तीसवर आणून दाखवा."

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. आठ दिवसांपूर्वी तीस टक्के उघडायचा वाफेचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातून सत्त्याऐंशी टक्के उघडला होता. टाकीशी त्यांचा मेहुणा उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कागदावर कारण छापलेलं होतं : चालकाचा निष्काळजीपणा. कागद तिच्या कंपनीने तयार केला होता, कारण व्हॉल्व्ह चालवणारा स्क्रीनही तिच्याच कंपनीचा. "नुसती सही घेऊन ये," तिच्या साहेबांनी सांगितलं होतं.

तिचं डोकं सकाळपासून तापलेलं. आपण दोन तासांचा प्रवास करून आलो, आणि आता हा म्हातारा आपली परीक्षा घेणार.

मुख्य वाफ बंद होती, तेव्हा धोका नव्हता. ती स्क्रीनपुढे उभी राहिली. स्लायडर तिने स्वतः घडवलेला : शून्यापासून शंभरपर्यंत आडवी पट्टी, तिच्यावर सरकणारा ठिपका. टूलकिटमध्ये मिळणारा तयार स्लायडर जाडा, राखाडी होता. साहेबांना तो सरकारी कचेरीतला वाटला. मग तिने पट्टी काडीएवढी बारीक केली, ठिपका मोत्यासारखा केला, त्याला सावली दिली. मूळ स्लायडरच्या पट्टीवर कुठेही बोट लागलं तरी ठिपका एकच पाऊल सरकायचा. साहेब म्हणाले, रांगतोय काय, उडी मारू दे. तिने त्याला उडी शिकवली : बोट लागेल तिथे थेट. तीन दिवस खपली होती ती त्याच्यासाठी.

तिने बोट पुढे केलं.

"असं नाही," मास्तर म्हणाले आणि आपले हातमोजे तिच्यापुढे धरले. रंग पिऊन पिऊन ते पुठ्ठ्यासारखे कडक झाले होते.

तिने ते चढवले. बोटाखाली ठिपका दिसेनासा झाला. बोट उचललं, तर आकडा चव्वेचाळीस. पुन्हा केलं. एकोणीस. तिसऱ्यांदा ती फार जपून सरकवत होती, ठिपका तिशीच्या जवळ आला होता, आणि हातमोज्याच्या अंगठ्याची शिवण पट्टीच्या उजव्या टोकाला टेकली. ठिपक्याने उडी मारली. ब्याण्णव.

मागे उभा असलेला कारखान्याचा मॅनेजर हसला. "मॅडम, हातमोजे काढून करा ना. मास्तरांचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे," मास्तर म्हणाले. त्याच्याकडे न बघता त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे पाटी होती : हातमोज्यांशिवाय यंत्राला हात लावू नये. "आणि पाटी तुमची आहे."

मॅनेजरचं हसू विरलं.

तिने हातमोजे काढले आणि साहेबांना फोन लावला.

"झाली सही?"

"साहेब, चूक स्लायडरची आहे. हातमोजे घालून मी तीनदा करून बघितलं. तीस येतच नाही."

"तू तिथे आपल्या बाजूने गेली आहेस की त्यांच्या?"

"एका माणसाचा हात भाजलाय."

"पुढच्या आवृत्तीत बघू. आत्ता कबूल केलं, तर बावीस कारखान्यांतले स्क्रीन बदलावे लागतील. खापर त्या चालकाच्या डोक्यावर फुटलंय, तर फुटू दे."

"बावीस ठिकाणी हाच स्लायडर आहे?"

"मग? तूच केलायस ना इतका छान."

तिने फोन कट केला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती सगळीच काही साहेबांवरची नव्हती.

एका पालथ्या पिंपावर बसून तिने लॅपटॉप उघडला. स्लायडर काढून टाकला. त्याच्या जागी टूलकिटमधली दोन साधी बटणं ठेवली, एक अधिक, एक उणे. तळहात मावेल एवढी मोठी केली. मध्ये आकडा. एका दाबाला पाच टक्के, जास्त नाही. ना सावली, ना गोलाई. "हे कुणाला विचारून चाललंय?" असं मॅनेजरने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कुणालाच नाही." मग बावीस कारखान्यांना तिने दोन ओळी धाडल्या : हातमोजे घालून वाफेच्या स्लायडरला हात लावू नका. आधी मला फोन करा. खाली स्वतःचा नंबर.

शेवटी तिने तो कागद उलगडला. छापलेलं कारण खोडलं आणि वर लिहिलं : स्लायडरची रचना चुकीची. रचना माझी. मास्तरांच्या सहीच्या जागी तिने आपली सही केली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

मास्तरांनी हातमोजे चढवले. अधिकचं बटण सहा वेळा दाबलं. तीस. एकदा उणे केलं, एकदा अधिक केलं. पुन्हा तीस. ते बराच वेळ त्या राखाडी, कुरूप बटणांकडे बघत राहिले. आता हे काहीतरी बरं बोलतील, असं तिला वाटून गेलं.

"किती वेळ लागला तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"आणि हे तुम्हाला तेव्हाही येत होतं ना?"

तिने लॅपटॉप मिटला, आणि मग म्हणाली, "येत होतं."