जुन्या पेशंटांचं मत

पंचगंगेच्या घाटावर पिंडं मांडायची तयारी चालली होती आणि कावळे समोरच्या भिंतीवर येऊन बसले होते. रिक्षा पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी लावून घेतली होती. आत आक्काताई, अंगावर घोंगडं, मांडीवर औषधांची पिशवी.

"दिसतंय न्हवं, आये?" गणपतीनं विचारलं.

"दिसतंय. तू तेवढा मधनं सरक."

शेवटच्या दुखण्यातली माणसं ठेवून घेणारी दोन ठिकाणं गणपती बघून आला होता. एक शहरात, एक पन्हाळा रोडला. दोन्हीकडं चादरी पांढऱ्या, दोन्हीकडं नर्सबाई गोड. पण साखर कारखान्यात उसाचा साखर-उतारा तपासण्यात ज्याचा जन्म गेला, तो नुसत्या रंगावर ऊस घेत नाही. त्यानं दोन्ही मॅनेजरांना एकच विचारलं, इथून गेलेल्या जुन्या पेशंटांचं मत कळेल का? शहरातला मॅनेजर "पाणी सांगतो" म्हणून आत गेला तो परत आलाच नाही. पन्हाळा रोडवाल्यानं शांतपणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "शुक्रवारी सकाळी घाटावर या," तो म्हणाला. "आमच्या एकांचं दहावं आहे."

घाटावर चौकशी केली तर शहरातल्या ठिकाणाचंही एक दहावं त्याच सकाळी निघालं. आधी त्यांचंच पिंड ठेवलं गेलं. कावळ्यांनी माना वाकड्या करून बघितलं आणि बसून राहिले. घरच्यांनी हात जोडले. म्हस विकणार न्हाय म्हणून झालं. धाकटीचं लग्न थाटात करतो म्हणून झालं. शेवटी थोरल्यानं दारू सोडल्याचं जाहीर केलं, त्यावर तर नात्यातल्या माणसांचाही विश्वास बसला नाही, कावळ्यांचं सोडाच. ऊन तापायला लागल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला टेकवला आणि विषय मिटवला.

"ते ठिकाण नगं," रिक्षातनं आक्काताई म्हणाली. "म्हातारं अडकलंय."

मग कोडोलीचा पिराजी पुढं झाला. बाप पन्हाळा रोडला गेलेला. भात ठेवलेलं पान घेऊन पिराजी वाकला. पान दगडाला टेकायच्या आधीच कावळा त्यावर होता. काव नाही, फडफड नाही. भिंतीवरच्या बाकीच्यांनी पंखसुद्धा हलवला नाही; आज कुणाची पाळी आहे ते ठाऊक असल्यासारखे बघत राहिले. कावळ्यानं सावकाश खाल्लं, चोच दगडाला पुसली आणि नदीपलीकडं उडून गेला.

"सोनं झालं म्हाताऱ्याचं," कुणीतरी म्हणालं, आणि पाव्हणेरावळे आंघोळीला उतरले. पिराजी मात्र तसाच वाकलेला. तोंड उघडं. जवळ गणपतीच होता, म्हणून त्यालाच म्हणाला, "अवो, मी अजून बोललो न्हवतो."

"काय बोलणार हुता?"

"धाकट्या भावाला वेगळं काढणार न्हाय म्हणून. रातभर पाठ केलतं."

गणपतीला वाईट वाटलं, पण तो आला होता ते काम वेगळं होतं. "तिथली देखभाल कशी हाय, पावणं?"

"एक नंबर. नाव ठिवाय जागा न्हाय." पिराजी सरळ उभा राहिला. "कळ न्हाय, कण्हणं न्हाय. आबानं बिडीसुदीक मागितली न्हाय. आधी म्हशीचं इचारायचं, नातवांचं इचारायचं. मग तेबी थांबलं. शेवटाला मी गेलो की हसून म्हणायचं, बसा की, कुणाकडं आलाय?"

"औषध भारी असंल."

"औषध तेच की, घरात चालू हुतं ते. एक बाई खाटंशेजारी बसती. बोलत न्हाय. नुसती ऐकती."

एवढं सांगून पिराजी वळला आणि रिकाम्या पानापुढं हात जोडून धाकट्या भावाचं सगळं पहिल्यापासून म्हणायला लागला. हळू आवाजात, एक शब्द न गाळता.

रिक्षाच्या पत्र्यावर बोटं वाजली. "ठरलं," आक्काताई म्हणाली. "हेच."

"आणखी एकादं बघू की, आये. गडहिंग्लजला एक हाय म्हणत्यात."

"आणि काय बघायचं? रातीला डोळा लागत न्हाय, गणपा. हाडं करवतीनं कापल्यागत हुत्यात. न्हे मला."

रात्री तोही जागाच असायचा, भिंतीपलीकडनं ऐकत. तो तिच्या शेजारी बसला. रिक्षा सुरू झाली.

"पर कायतरी मागं राहू दे की, आये."

"काय राहू दे?"

साठीला आलेल्या माणसाला 'मी' म्हणायची लाज वाटली. म्हणून त्यानं हुकमी विषय काढला. शेजारच्या रानातली दानम्मा आणि तिचा बांध. या बांधापायी आक्काताई कोर्टाच्या पायऱ्या चढली होती, एकदा खुरपं घेऊन धावली होती, आणि गेल्या महिन्यात उठून बसता येत नसताना नुसत्या नावावर उठून बसली होती.

"दानम्मानं परत बांध कोरलाय," तो म्हणाला. ते खोटं होतं. "हातभर आत आलीया."

त्यानं वाट बघितली. एक शिवी आली असती तरी त्याला पुरली असती.

आक्काताई बाहेर पाण्याकडं बघत होती. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. पिशवीवरचा हात सैल पडला होता.

"घेऊ दे की," ती म्हणाली. "लागत असंल तिला."

पन्हाळा रोडचं ते ठिकाण अजून बरंच लांब होतं. रिक्षा आत्ता कुठं शिवाजी पुलावर चढत होती.