शुक्रवारच्या आधी

होडी पाण्यात ढकलल्यावर नसीरनं आधी वाकून तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला. फळ्या कोरड्या होत्या. एकही सांधा पाझरत नव्हता.

लढाई सुरू झाल्यापासून बंगल्याचे शेटजी मुंबईहून आलेच नव्हते, आणि त्यांची होडी वळवणच्या तळ्याकाठी वाळून तडकली होती. ती दुरुस्त करायचं काम नसीर सुताराकडं आलं. त्यानं शेटजींना पत्र घालून एक दुपार होडी मागून घेतली होती.

"कुनासाटी ह्यो खटाटोप?" बंगल्याच्या कोंडाजी माळ्यानं विचारलं.

"पाहुणे यायचेत."

"पाव्हनं व्हय! मग सकाळधरनं दोनदा दाढी कशापायी केली?"

तेवढ्यात फाटकाशी घुंगरं वाजली. कुसगावच्या अल्लाबक्षचाचांचा टांगा आला. मागं त्यांची लेक मदिना आणि बहीण लैलाफुफी बसल्या होत्या.

गेल्या महिन्यात नसीर याच टांग्याचं छत ठोकत असताना मदिना बापाचा डबा घेऊन स्टेशनावर आली होती. जाता जाता म्हणाली, "तिसरा खिळा वाकडा चाललाय." नसीरनं तो उपसून पाहिला. खरंच वाकडा होता. त्या रात्री तो जेवताना हसला, तेव्हा त्याच्या आईनं काय ते ओळखलं.

पण येत्या शुक्रवारी मदिनाच्या घरी तळेगावची माणसं यायची होती, मागणी घालून थेट लग्नाची तारीख धरायला. आई म्हणाली, "आपणही मागणी घालू. चाचा आपल्याला नाही म्हणायचे नाहीत."

"म्हणजे बाहेर चाचांपुढं दोन मागण्या, आणि मदिना आत चहा गाळत बसणार," नसीर म्हणाला. "मला तिला विचारायचंय."

विचारायचं कुठं, हाच घोर होता. कुसगावात उभं राहून दोन शब्द बोलले, तर तिसरा शब्द लोणावळ्याच्या बाजारात ऐकू यायचा. म्हणून ही होडी, आणि फुफीला तळं दाखवायचं निमंत्रण. फुफी बरोबर असली की कुणी बोट दाखवणार नाही. तिला ऐकायला कमी येतं. चाचा घोडा सोडून हलायचे नाहीत. काठावरून त्यांना सगळं दिसेल, ऐकू मात्र येणार नाही. आठ दिवस नसीर लाकूड तासताना तीच चार वाक्यं घोकत होता.

दोघींना घेऊन होडी तळ्याच्या मध्यावर आली. मदिनानं बोट घालून एक सांधा दाबून पाहिला.

"राळ चांगली बसलीये," ती म्हणाली.

नसीर चारही वाक्यं विसरला. त्यानं वल्ही पाण्याबाहेर घेतली.

"शुक्रवारी तळेगावची माणसं येणार आहेत ना?" शेवटी तो म्हणाला.

"कालच कळलं मला. कपबशा काढायला सांगितल्या, तेव्हा."

"तुला विचारलं कुणी?"

मदिना हसली, पण ते हसणं तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "मला काय विचारायचं? किती कप लागतील, ते?"

"मी विचारतो," नसीर म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणालीस तरी होडी नीट काठाला लावीन. फुफीला तळं दाखवून आणलं, एवढंच लोकांना कळेल. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मदिनानं डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा केला.

लैलाफुफी मघापासून पाण्यातल्या पाणकोंबड्या बघत होती. ती तिकडंच बघत म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही रे पोरा. जरा मोठ्यानं विचार."

आणि मदिना उभी राहिली. होडी डाव्या अंगाला कलली, फुफीनं दोन्ही हातांनी कड धरली, काठावरनं कोंडाजी ओरडला, "खाली बसा! आवो, बसा खाली!" मदिना बसली नाही. पाय फाकवून, तोल सावरून तिनं हाक दिली.

"अब्बाऽऽ! मला विचारलं!"

काठावर चाचांनी कानामागं हात धरला. "काऽय?"

"मला विचाऽरलं! नसीरनं! लग्नाचं!"

तळ्यावर काही हलेना. चाचांनी हातातला लगाम कोंडाजीच्या हाती दिला आणि ते पाण्याच्या दिशेनं निघाले. नसीरला वाटलं, आता होडी ओढून घेतील, पोरीला टांग्यात घालतील, आणि उद्यापासून कुसगावात आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. चाचा चपलांसकट पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात ते थांबले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि इतकी वर्षं घोड्यांवर ओरडून कमावलेला तो आवाज, जरा चाचरत, पाण्यावरून आला.

"मग? तू काय म्हणालीस, पोरी?"

मदिनानं घाई केली नाही. विचारल्यावर माणूस जेवढा वेळ घेतं, तेवढा तिनं घेतला. मग दोन्ही हात तोंडाशी धरले.

"हो म्हणाले!"

तिचं उत्तर नसीरलाही चाचांबरोबरच कळलं. त्याच्या हातातलं एक वल्हं निसटून पाण्यात पडलं आणि उन्हात चमकत हळूहळू लांब जाऊ लागलं. ते धरायला तिघांपैकी कुणीच वाकलं नाही.