परवानगीचा कागद

राजेश्वरीनं कागद वाचला, दोन घड्या घातल्या आणि महारुद्रच्या पुढ्यात ठेवला.

"मी सही करणार न्हाय, भाऊजी."

महारुद्रनं रणधीरकडं बघितलं. रणधीर म्हणजे तिचा नवरा आणि ह्याचा शाळेपासूनचा दोस्त. ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर रिकामा करून तो आत्ताच घरी आला होता. "कर की सही," तो म्हणाला. "तुझं काय जातंय?"

जाणार होतं ते महारुद्रचं. त्याचं सहावं पुस्तक छपाईला अडकलं होतं. पुस्तक होतं पत्रांचं. पस्तीस वर्षांपूर्वी वाशीच्या शाळेत रणधीरला राजेश्वरी आवडली, आणि रणधीरला पत्र लिहिता येत नव्हतं. मग लिहिलं महारुद्रनं. पत्रामागं स्टँडवरच्या हॉटेलात एक प्लेट भजी. विरहाचं असलं तर वर चहा. इतका रोखीचा धंदा त्याला पुढं कधीच जमला नाही. इतिहासाच्या वहीतून पत्र जायचं, भूगोलाच्या वहीतून उत्तर यायचं. रणधीर उत्तर एकदा वाचायचा आणि पुढच्याची तयारी म्हणून ह्याच्याकडं द्यायचा. ती सगळी उत्तरं महारुद्रनं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती.

काय उत्तरं होती ती. एकात लिहिलं होतं, 'तुमच्या पत्रात चंद्र चार वेळा आला. एकदाच आला असता तर मी वर बघितलं असतं.' त्या दिवसापासून महारुद्रनं चंद्राला हात लावला नाही. लिहायला तो खरा तिथंच शिकला.

प्रकाशकानं तोंडावर सांगितलं होतं, "सर, तुमची पत्रं ठीक आहेत. पुस्तक उभं आहे ते बाईंच्या उत्तरांवर. त्यांची लेखी परवानगी आणा, नाहीतर उत्तरं काढून टाकतो." उत्तरं काढल्यावर मागं काय उरणार, चार चंद्र.

असले कागद एरवी कमल बघायची. कमल म्हणजे त्याची बायको, वाशीचीच. बागायतीची दोन स्थळं सोडून तिनं ह्या मास्तरला होकार दिला होता. पगार बघून दिला असणार, असं हा धरून चालला होता. ह्यानं लिहायचं आणि तिनं विकायचं, अशी घरात वाटणी. पार्सलं बांधणं, दुकानदारांशी कमिशनवरून भांडणं, प्रकाशकाला फोन करून करून जेरीला आणणं, सगळं तीच. कधी हस्तलिखित चाळून ती म्हणालीच, "हे पान लई लांबलंय," की हा म्हणायचा, "तू तेवढी पार्सलं बघ." ह्या वेळी मात्र कागद घेऊन तो स्वतःच निघाला. जुन्या दिवसांचं काम, त्यात बायको कशाला.

"वहिनी, अडचण काय हाय?" त्यानं विचारलं. "नाव बदलून छापू."

"नावाचं न्हाय ओ. ती पत्रं माझी न्हाईत."

रणधीरच्या हातातला पाण्याचा तांब्या तोंडापाशीच थांबला.

"अक्षर तर तुमचंच हाय," महारुद्र म्हणाला.

"अक्षर माझं. बाकावर शेजारी एक पोरगी बसायची. ती सांगायची, मी उतरवायची. मला तरी कुठं येत व्हतं."

"म्हंजे पस्तीस वर्षं मी..." रणधीरनं सुरू केलं.

"तुमी तर बोलूच नका. तुमाला अजून उसाची पावती भरता येत न्हाय." राजेश्वरी परत महारुद्रकडं वळली. "तिनं पहिल्याच पत्राला वळखलं व्हतं. म्हणली, हे रणधीरचं न्हवं, त्या महारुद्रचं काम हाय. मी म्हणलं, मग सांग की त्याला. तर म्हणली, नको, सांगितलं तर तो लिहायचा थांबंल."

म्हणजे ती पोरगी दोन वर्षं महारुद्रलाच उत्तरं देत होती. स्टँडवरचा तो भज्यांचा वास, वहीत लपवलेले कागद, खिडकीकडंची मुलींची रांग, सगळं पुन्हा समोर आलं. रांगेतला एक चेहरा मात्र धड आठवेना. तेव्हा हा खाली मान घालून लिहीतच बसलेला असायचा.

"कुठं असती ती आता?" त्यानं विचारलं. "कुठंबी असू दे, मी जातो. पाया पडून सही आणतो."

राजेश्वरी उठली. तिनं गॅसवर चहाचं पातेलं ठेवलं.

"लांब जायाचं कामच न्हाय. सकाळीच तिचा फोन आलता. म्हणली, आमचे हे येतायत कागद घेऊन. चहा पाज, पण सही करू नको. मानधनाचं मी घरीच बोलते."