गोडदेवची गुप्तहेर टोळी

२००८ साली माझी पहिली किशोर कादंबरी आली. प्रकाशन मी आमच्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवरच ठेवलं, कारण रहस्य तिथलंच होतं. आमच्या गोडदेव वस्तीतल्या पाच दोस्तांची टोळी, समोरच्या बिल्डिंगमधला कायम बंद फ्लॅट आणि पाण्याच्या टाकीआडून त्याच्या खिडकीवर नजर ठेवणारा निडर नायक. नायक अर्थातच मी. खऱ्या आयुष्यात त्या खिडकीत कबुतरांशिवाय कोणी दिसलं नव्हतं, म्हणून पुस्तकात तस्कर घातले.

भाषणात मी माझं लाडकं पान वाचलं. "मे महिन्याची अख्खी सुट्टी मी एकटा उन्हात पहारा देत होतो. खाली जिन्याजवळ माझे चार शूर साथीदार, कोणाला संशय येऊ नये म्हणून, कॅरम खेळायचं नाटक करत होते." पुस्तक त्या चौघांनाच अर्पण केलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर पिंटू आणि रुचिता सही घ्यायला आले. त्या चौघांपैकीच दोघं. पिंटू आमच्या टोळीचा म्होरक्या. मला पहाऱ्यावर पाठवायचा तोच.

"पिंट्या, एक सांग," मी विचारलं, "त्या फ्लॅटवर तुला पहिला डाउट कशावरून आला रे?"

पिंटूने रुचिताकडे पाहिलं. रुचिता खाली वाकून आपली चप्पल शोधायला लागली. चप्पल तिच्या पायातच होती.



"सॉरी यार," पिंटू म्हणाला, "कॅरमला चारच जण लागतात ना."