चौकातली चाळणी

चहा निवायच्या आत त्याने दोघांना चौकातून बाहेर काढलं होतं. आधी 'कडूकारलं', मग 'टाचणी'.

चौक म्हणजे वस्तीचा ऑनलाइन चौक. पाणी कधी येणार, कुणाची मांजर हरवली, जुना फ्रीज कुणाला हवाय, असल्या गप्पांचा. त्याची राखण तिघांकडे होती : एक औषधविक्रेता, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि हा. हा पेशाने मुद्रितशोधक. दुसऱ्याच्या लिहिण्यातली खोट काढणं त्याच्या हातचा मळ.

शिव्या अडवणारी चाळणी त्यानेच बसवली होती आणि नियमही त्याचेच. चाळणीत शब्द घालायला एकाची मर्जी पुरे, काढायला मात्र तिघांची संमती. कुठला शब्द अडला ते सांगायचं नाही, नाहीतर लोक पळवाटा शोधतात. अडलेला मजकूर वाचायचा नाही आणि साठवायचाही नाही, घाण कशाला जपून ठेवायची? पाचदा अडला तो सदस्य बाहेर. यंत्र नुसतं नाव आणि आकडा दाखवायचं, हा बटण दाबायचा.

"वीस मिनिटांत पाच वेळा! जनाची नाही, निदान मनाची तरी," तो बायकोला म्हणाला.

बायको बाबांना उठवायला आतल्या खोलीकडे गेली होती. ती तशीच परत आली.

"अहो, बाबा खोलीत नाहीत. चपलाही नाहीत."

बाबांना वर्षभरापासून काही आठवत नसे. स्वतःचं नाव सांगायचे, घर सांगता येत नसे. वर हृदयाचं ऑपरेशन झालेलं, दुपारची गोळी चुकवून चालत नसे. तो बाग, बसथांबा, दवाखाना पालथा घालून आला. बायकोने शेजारची दारं वाजवली. पोलिसांनी नोंद घेतली आणि म्हणाले, "तुमच्या त्या चौकात फोटो टाका की. पटकन सापडतात माणसं."

फोटोची सोय त्याने मागच्याच वर्षी बंद केली होती. लोक काय वाट्टेल ते टाकतात म्हणून.

मग त्याने लिहिलं. माझे म्हातारे वडील हरवले आहेत, छातीवर ऑपरेशनचा व्रण, पँटला मांडीपाशी ठिगळ, वाटेत कुत्रा दिसला की थांबून बोलतात.

'आपल्या मजकुरात अयोग्य शब्द आहे.'

त्याने कुत्रा काढला. अयोग्य. मांडी काढली. अयोग्य. पाचव्यांदा अडलो तर आपल्यालाच बाहेर काढतील की काय, असं त्याला खरोखरच वाटलं. चौथ्यांदा त्याने छाटून छाटून एवढंच ठेवलं : 'एक ज्येष्ठ गृहस्थ सकाळी घरातून बाहेर पडले आहेत. आढळल्यास कळवावे.'

हे मात्र सुळकन गेलं. खाली उत्तर आलं : 'आमचेही रोज पडतात.' त्यापुढे हसरे चेहरे.

बारा वाजले. गोळी टेबलावर तशीच होती. बायको तिच्याकडे बघायची आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहायची.

त्याने चाळणीची यादी उघडून अडणारे शब्द शोधले आणि औषधविक्रेत्याला फोन लावला. "अहो, विचारताय काय? काढून टाका सगळे शब्द," तो म्हणाला. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन बंद. एक वाजला. दोन वाजले. ज्या माणसाला स्वल्पविराम चुकलेला खपत नसे, तो आता दर पाच मिनिटांनी तोच नंबर चुकीचा लावत होता. बाई अडीचला सापडल्या.

"बाई, तीन-चार शब्द चाळणीतून काढायचेत. छाती, मांडी, कुत्रा आणि म्हातारा."

"म्हातारा? तो मी घातलाय. मला एकानं भर चौकात म्हातारी म्हटलं होतं. तेव्हा तुम्हीच म्हणालात, नियम म्हणजे नियम."

"बाई, माझे वडील हरवलेत हो!"

"अरे देवा. मग आधी नाही का सांगायचं? काढा, काढा."

शब्द निघाले. सगळं वर्णन चौकात गेलं. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं : 'पाण्याच्या टाकीमागे शिवणाचं दुकान आहे ना, तिथे सकाळी एक आजोबा बसलेले बघितले.'

तो गोळी मुठीत धरून पळत सुटला.

दुकान म्हणजे एक खोली. दोन मशीन, कापडाचे गठ्ठे, दाराशी एक खुर्ची. खुर्चीवर बाबांचा चष्मा होता.

"तुमचे वडील का?" शिवणकाम करणाऱ्या बाई लगबगीने उठल्या. "आठ वाजल्यापासून इथेच होते हो. पोलिसांचं नाव काढलं की घाबरायचे. म्हणायचे, मुलगा येईल न्यायला. मी दोन घास भरवले. मघाशी गिऱ्हाइकाचं माप घेत होते, वळून बघते तर खुर्ची रिकामी. आत्ताच मी गल्लीच्या टोकापर्यंत बघून आले."

"कुठल्या बाजूला गेले?"

"तेच तर दिसलं नाही. शर्टाची बटणं वरखाली लावली होती, ती नीट करताना छातीवरचा व्रण दिसला. म्हटलं, घरचे ओळखतील. म्हणून सकाळीच चौकात लिहायला बसले, म्हातारे गृहस्थ आहेत, छातीवर असा असा व्रण आहे. एकदा नाही, पाचदा लिहिलं."

तो पायरी उतरलाही होता. बाईंनी मागून हाक मारली.

"अहो, तुमची त्या चौकवाल्यांशी ओळख असली तर सांगा ना, मला परत आत घ्या म्हणावं. म्हणजे पुन्हा दिसले तर लगेच लिहीन. तिथे माझं नाव टाचणी आहे."