दोन श्वासांची अळंबी

खिडकीतल्या ओंडक्यावरची लाल अळंबी आज कडेने पांढरी झाली होती. कुंदाताई तिच्याकडे स्वप्नात असल्यासारख्या पाहत राहिल्या. चिनी वैद्यांची ही जुनी अळंबी आता ज्याच्या त्याच्या श्वासावर वाढत असे. रोग्याने रोज सकाळी तिच्यावर फुंकर घालायची आणि तिच्या तुकड्याचा काढा प्यायचा. त्या श्वासातून यकृतातला कॅन्सर ओळखून ती त्यावरचं औषध स्वतःत तयार करी. गाठ विरू लागली, की कड पांढरी होई.

"इतक्या लवकर?" डॉक्टर अंजुम भिंगातून पाहत म्हणाल्या. "हिच्यावर दोन माणसांचा श्वास आहे."

कोपऱ्यात उभे असलेले कुंदाताईंचे यजमान दिगंबरराव चुळबुळले. "हिला ग्लानी असायची हो. नेम चुकू नये म्हणून तीन दिवस मीच फुंकर घातली."

"अहो, देवपूजा आहे का ही, माझ्याऐवजी तुम्ही उरकायला?" कुंदाताई हसल्या आणि पुन्हा त्या कडेकडे पाहू लागल्या. पांढरी कड नवऱ्याच्या निरोगी श्वासाची असेल, तर आपली गाठ तशीच असणार.

डॉक्टरांनी ओंडका फिरवला. मागे एक इवलासा नवा कोंब होता. "यावर फक्त तुम्ही."

कुंदाताईंनी हळूच फुंकर घातली. खोली पाण्याखाली गेल्यासारखी शांत झाली. कोंब बराच वेळ लालच राहिला. मग त्याच्या टोकावर नखाच्या चंद्रकोरीएवढी पांढरी रेघ उमटली.

"ही मात्र तुमची," डॉक्टर म्हणाल्या.

कुंदाताईंनी वळून पाहिलं. दिगंबरराव दोन्ही हातांनी नाकतोंड दाबून उभे होते.

"घ्या आता श्वास," त्या म्हणाल्या.